दूरची चूल आणि आपली गिरणी

कुणी भाजी निवडत असेल, कुणी गोठ्यात असेल, कुणी शेतात खुरपता खुरपता मोबाइलवर ऐकत असेल. हातातलं काम चालू ठेवा, फक्त कान इकडं द्या. आज आम्ही बोलणार आहोत लाईटविषयी.

लाईटबद्दल आपण दोनच गोष्टी बोलतो. लाईट आली, नाहीतर लाईट गेली. ती कुठून येते आणि येण्यासाठी काय जळतं, हे आम्हीसुद्धा कधी विचारलं नव्हतं. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटात जनरेटर घ्यायचा की नाही यावरून असा वाद झाला, की दोन बैठका अर्ध्यावर मोडल्या. त्या वादामुळं आम्हाला हे सगळं शिकावं लागलं. तीच हकिकत आज सांगतो.

आमचा गट बारा जणींचा. गाव बीड जिल्ह्यात, परळीच्या बाजूला. तीन वर्षांमागं बँकेचं कर्ज काढून आम्ही पाच हॉर्सपॉवरची गिरणी घेतली, आणि जोडीला मिरची कांडपाचं यंत्र. दळणाचे किलोला पाच रुपये घेतो. तासाला चाळीसेक किलो दळण निघतं. म्हणजे गिरणी एक तास चालली की दोनशे रुपये येतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

गेल्या एप्रिलमध्ये ऐन लग्नसराईत दोन क्विंटल मिरचीचं काम आलं. पोती शेडमध्ये येऊन पडली आणि दुसऱ्याच दिवशी डीपी जळाली. सहा दिवस गावात लाईट नव्हती. तिसऱ्या दिवशी मिरचीवाल्यांनी पोती उचलली आणि तालुक्याच्या डंकनवर नेली. दळणाचं गिऱ्हाईकही शेजारच्या गावाला गेलं. त्या महिन्याचा बँकेचा हप्ता थकला. तीन वर्षांत पहिल्यांदाच गटाच्या नावावर थकबाकी लागली. बचत गटातल्या बाईला थकबाकी म्हणजे काय वाटतं, हे तुम्हाला सांगायला नको.

पुढच्या बैठकीत आमच्या अध्यक्षताई म्हणाल्या, "एक जुना जनरेटर मिळतोय. पंधरा केव्हीएचा, एक लाख वीस हजारांत. घेऊन टाकू. लाईटची कटकट संपेल." आठ हात वर गेले. आम्हालाही ते पटलं होतं.

तेवढ्यात आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी बोलल्या. "माळावर उभं राहिलं की रात्री परळीच्या केंद्राचे दिवे दिसत्यात. वीज आपल्या उशाशी तयार होती. मग आपल्याच गिरणीत अंधार कसा? अन् तिथं जाळत्यात ते काय, अन् तुम्ही जनरेटरात जाळणार ते काय? ते आधी सांगा, मग हात वर करते."

कुणालाच सांगता येईना. मग समन्वयक म्हणून आम्ही पंधरा दिवस मागून घेतले. औष्णिक केंद्रात नोकरी करून निवृत्त झालेले एक काका आणि आयटीआय झालेला एक वायरमन भाऊ, यांना शेडमध्ये चहाला बोलावलं. वही घेऊन बसलो.

काकांनी पहिलंच वाक्य सांगितलं, "औष्णिक केंद्र म्हणजे फार मोठी चूल समजा." आणि खरंच, तसं धरल्यावर सगळं कळत गेलं. चुलीला काय लागतं? सरपण लागतं, पाणी लागतं. चुलीतून काय निघतं? आच निघते, धूर निघतो, राख उरते. तिथंही हेच.

सरपण म्हणजे दगडी कोळसा. परळीजवळ कोळशाची खाण नाही, कोळसा रेल्वेच्या वाघिणींमधून येतो. तो आधी गिरणीत दळतात. हो, तिथंही गिरणीच! अगदी पिठासारखा बारीक करतात आणि हवेच्या झोतानं भट्टीत फुंकतात. भट्टीच्या भिंतींना नळ्यांचं जाळं असतं, त्यात शुद्ध केलेलं पाणी. त्याची वाफ होते. आपल्या कुकरची वाफ शिट्टी उडवते. ही वाफ त्याहून कितीतरी जास्त दाबाची. ती टर्बाइन नावाच्या पात्यांच्या चाकावर सोडतात. ते चाक मिनिटाला तीन हजार फेरे घेतं. त्याच दांड्यावर जनित्र असतं. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरला की तारेत वीज वाहते, हे इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलं होतं. आजही वीज बहुतेक ठिकाणी अशीच होते. फरक एवढाच, की चाक फिरवायचं कशानं. कोयनेला पडणारं पाणी फिरवतं, पवनचक्कीला वारा फिरवतो, परळीला कोळशाची वाफ फिरवते.

परळीला पहिला संच १९७१ साली सुरू झाला, तो फक्त ३० मेगावॉटचा होता. आज तिथं २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. मेगावॉट म्हणजे केवढं? आमच्या गिरणीची मोटार तासाला साधारण चार युनिट ओढते. तशा साठ हजार गिरण्या एका वेळी चालतील, एवढी वीज एक संच पूर्ण चालू असताना देतो. चंद्रपूरचं केंद्र तर याहून फार मोठं, २९२० मेगावॉटचं.

आता आजींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. दिवे शेजारी दिसतात म्हणून ती वीज सरळ आपल्या गावात येत नाही. केंद्रातून वीज मोठ्या मनोऱ्यांच्या तारांवर चढते. तिथं चंद्रपूरची, कोराडीची, कोयनेची, सोलरची, सगळी वीज एकत्र मिसळते. आपल्या गटाच्या पेटीत बारा जणींची बचत मिसळते, मग यातली शंभराची नोट कुणाची हे सांगता येतं का? तसंच आहे. त्या मोठ्या तारेतून वीज उपकेंद्रात उतरते, तिथून फिडरवर, फिडरवरून आपल्या डीपीत आणि डीपीतून घरात. आमची लाईट गेली होती ती परळीत कोळसा संपला म्हणून गेली नव्हती. आमच्या कोपऱ्यावरची डीपी जळाली होती. दुखणं गावातच होतं आणि आम्ही औषध शोधत होतो डिझेलच्या टाकीत!

मिसळलेल्या विजेबद्दल एक गोष्ट मात्र नक्की सांगता येते. आपल्या देशात तयार होणाऱ्या विजेचा सुमारे तीन-चतुर्थांश वाटा कोळशाचा आहे. म्हणजे आपण चार दिवे लावले, तर त्यातले तीन कोळशावर जळतात असं समजायला हरकत नाही.

त्या दिवशी आम्ही वहीत एक हिशेब मांडला. आमची गिरणी दिवसाला पाच तास चालते, वीस युनिट लागतात. ते सगळे कोळशाच्या केंद्रातून आले असं धरू. एका युनिटला आपल्याकडं सुमारे सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे रोजच्या दळणासाठी चौदा किलो कोळसा! आपल्या देशी कोळशात राखेचं प्रमाण जास्त, शंभर किलोत तीस ते चाळीस किलो. म्हणजे रोजची चार-पाच किलो राख. शिवाय एका युनिटमागं जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो, तो वीस किलोच्या आसपास. हा वायू दिसत नाही, पण तो हवेत साठत जातो आणि पृथ्वीची ऊब धरून ठेवतो. गोधडीवर गोधडी पडत जावी तसं होतं. उन्हाळा कडक होतोय, पाऊस एकदम कोसळतोय नाहीतर महिना महिना दडी मारतोय, यामागं जगभरच्या अशा चुलींचा मोठा हात आहे.

पाण्याचं ऐकून तर सगळ्याच गप्प झाल्या. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करावं लागतं. त्यासाठी ते रुंद पोटाचे मनोरे असतात. त्यांच्यातून जे पांढरं निघताना दिसतं, तो धूर नाही, ती वाफ आहे. धूर निघतो तो उंच, बारीक धुराड्यातून. त्या वाफेबरोबर पाणी आणि उष्णता दोन्ही आकाशात जातं. कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश उष्णतेची वीज होते, बाकीची वाया जाते. सरकारनं २०१५ साली नियम केला, की अशा मनोऱ्यांच्या जुन्या केंद्रांनी एका युनिटला साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये. नियमात बसणारं केंद्र धरलं तरी आमच्या वीस युनिटांना सत्तर लिटर पाणी. म्हणजे पाच-सहा घागरी.

मराठवाड्यातल्या बाईला पाच-सहा घागरींचं मोल कुणी सांगावं? परळीचं केंद्र पाण्याअभावी २०१३ च्या दुष्काळात बंद पडलं, २०१५ मध्ये पुन्हा बंद पडलं. कोळसा होता, माणसं होती, पण पाणी नव्हतं. त्याच दुष्काळात, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, आठवतं ना? पाणी नसेल तर आपली चूल थंड पडते, तशी ही मोठी चूलही थंड पडते. आणि पाणी कमी असताना ते पिण्याला द्यायचं, शेताला द्यायचं की विजेला, हा प्रश्न उभा राहतो.

राहिली राख आणि धूर. धुराड्यात जाण्याआधी राख पकडणारी यंत्रं असतात, ती बरीचशी राख धरतात. ती राख सिमेंटमध्ये जाते, विटांमध्ये जाते, रस्त्याच्या भरावात जाते. केंद्रांनी सगळीच्या सगळी राख अशी कामाला लावावी, असा सरकारी नियम आहे. पण राखेची गाडी उघडी धावली, की मागच्या मोटारसायकलवाल्याला पुढचं दिसत नाही, रस्त्याकडेच्या घरातल्या भांड्यांवर थर बसतो आणि लेकरं खोकतात. धुरातला गंधकाचा वायू धरण्याचाही नियम २०१५ सालीच झाला. त्याची मुदत मात्र पुन्हा पुन्हा वाढत गेली, आणि २०२५ मध्ये बऱ्याच केंद्रांना त्यातून सूटही मिळाली.

हे सगळं ऐकून आमच्यातली एक वहिनी म्हणाली, "मग ही वीज नकोच म्हणायची का?"

आजी तिच्यावर चिडल्याच. "नको म्हणू नकोस गं! आम्ही पहाटे चारला उठून जात्यावर दोन-दोन पायली दळलंय. हाताला घट्टे पडले होते. बाळंतिणीला कंदिलाच्या उजेडात मोकळं केलंय. विजेला नावं ठेवायची नाहीत. पण फुकट येती असं समजायचं नाही."

आजींचं म्हणणं आम्ही वहीत लिहून ठेवलं. विजेच्या बिलात पैसे दिसतात. पाणी, राख आणि धूर बिलात लिहिलेले नसतात, पण ते कुणीतरी भरत असतं. बहुतेक वेळा केंद्राच्या जवळच राहणारं कुणीतरी.

आता जनरेटरकडं येऊ. जनरेटर म्हणजे तीच चूल, पण लहान, आणि आपल्या दारात. सरपण म्हणजे डिझेल.

तेल जाळून वीज करणं जगाला नवीन नाही. १९७३ साली जगातली जवळपास एक चतुर्थांश वीज खनिज तेलापासून होत होती. त्याच वर्षी तेल विकणाऱ्या अरब देशांनी पुरवठा आवळला, भाव काही महिन्यांत चौपट झाले, आणि एकेका देशानं विजेसाठी तेल जाळणं सोडायला सुरुवात केली. आज तो वाटा शंभरात तीनच्या आसपास उरलाय. आपल्या महाराष्ट्रातही याचा एक धडा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात दाभोळचा वीज प्रकल्प १९९९ साली सुरू झाला. तो नाफ्ता जाळून वीज करत होता. नाफ्ता म्हणजे खनिज तेलातून निघणारं इंधन. ती वीज इतकी महाग पडली, की राज्याच्या वीज मंडळानं २००१ मध्ये ती घेणं थांबवलं आणि प्रकल्प बंद पडला. पुढं काही वर्षांनी तो नैसर्गिक वायूवर चालवायला घेतला. आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी शंभरातलं पंच्याऐंशीहून जास्त बाहेरून येतं. तिकडं कुठं लढाई पेटली, की इकडं पंपावरचा आकडा बदलतो. जे मंडळाला परवडलं नाही, ते बारा बायांच्या गटाला परवडेल का?

वायरमन भावानं फळ्यावर हिशेब मांडला. एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिटांइतकी उष्णता असते. लहान जनरेटरमधून हातात येतात तीन युनिट. बाकीचं गरम धूर आणि आवाजात जातं. आमच्या गिरणीला तासाला चार युनिट लागतात. म्हणजे तासाला सव्वा-दीड लिटर डिझेल. लिटरला नव्वद रुपये धरले, तर तासाला सव्वाशे-एकशेतीस रुपये. तारेवरच्या विजेचे, सगळे आकार धरून, आमच्या बिलात युनिटला नऊ रुपयांच्या आसपास पडतात. म्हणजे तासाला छत्तीस रुपये.

तासाची मिळकत दोनशे रुपये, हा आकडा आठवतोय ना? तारेवर चालवली तर दोनशेतून छत्तीस जातात. डिझेलवर चालवली तर दोनशेतून एकशेतीस जातात आणि हातात उरतात सत्तर.

"सत्तर तर सत्तर, काहीच नाही त्यापेक्षा बरे," अध्यक्षताई म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं. मग पुढचा प्रश्न आला, की असे तास किती? कुणी म्हणे रोज चार तास लाईट जाते, कुणी म्हणे पाच. अंदाजच सगळे. म्हणून आम्ही गिरणीच्या भिंतीला एक वही टांगली. लाईट गेली की वेळ लिहायची, आली की वेळ लिहायची. महिनाभर लिहिलं. गिरणीच्या वेळेत एकूण अडतीस तास लाईट नव्हती.

अडतीस गुणिले सत्तर. दोन हजार सहाशे साठ रुपये. आणि एक लाख वीस हजारांच्या कर्जाचा दोन वर्षांचा हप्ता, बारा टक्के व्याजानं, महिन्याला साडेपाच हजारांच्या वर. म्हणजे जनरेटर घेतला असता, तर महिन्याला तीन हजारांचा खड्डा पडला असता. ऑइल, फिल्टर, दुरुस्ती वेगळीच. एक थकबाकी मिटवायला निघालो होतो, आणि बारा महिन्यांची थकबाकी घरात आणणार होतो.

बैठकीत सगळ्या शांत झाल्या. मग एक काकू बोलल्या, त्या एरवी फारशा बोलत नाहीत. त्यांच्या माहेरी लग्नात रात्री लाईट गेली म्हणून भाड्यानं जनरेटर आणला होता. पाऊस होता म्हणून तो ओसरीत, खोलीच्या खिडकीला लागून ठेवला. आत दोन भाच्या निजल्या होत्या. पहाटे हाका मारल्या तर उठेनात. उचलून बाहेर आणल्या, गाडीत घालून दवाखान्यात नेल्या, ऑक्सिजन लावला. दोघी वाचल्या. काकू म्हणाल्या, "लग्नघर होतं. अजून अर्धा तास गेला असता तर काय झालं असतं, आम्ही बोलतसुद्धा नाही."

तो कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. इंधन अर्धवट जळलं की तो निघतो. रक्तात प्राणवायूची जागा तो घेतो. डोकं दुखतं, गरगरतं, उलटी होते आणि निजलेल्या माणसाला तर कळतही नाही. शिवाय डिझेलच्या धुरानं कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ साली जाहीर केलंय. चुलीच्या धुरातून सुटावं म्हणून आपण गॅस घेतला. आता गिरणीत दळणाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायांना आणि त्यांच्या कडेवरच्या लेकरांना तो डिझेलचा धूर द्यायचा का?

हात पुन्हा वर केले. जनरेटर नको, असं म्हणणाऱ्या दहा. दोघी मात्र अजून म्हणतात की घ्यायला हवा होता. त्यांचंही चुकीचं नाही. लग्नसराईतलं गेलेलं काम त्यांना दिसतं. गटात दोघींचं मत वेगळं असलं म्हणून गट मोडत नाही.

मग आम्ही काय केलं?

पहिलं, त्याच वहीत बघितलं तेव्हा कळलं, की लाईट बहुतेक दुपारी बारा ते तीनमध्ये जाते. आम्ही गिरणीची वेळ बदलली. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी एक तास. दुपारी डबे आणून ठेवायचे, डब्यावर नावाची चिठ्ठी, सकाळी दळण तयार. गिऱ्हाईक तुटलं नाही, उलट बायांचा रांगेतला वेळ वाचला.

दुसरं, डीपीचा पाठपुरावा. आधी आम्ही नुसता फोन करत होतो. आता गटाच्या लेटरहेडवर अर्ज देतो आणि पोच घेतो. जळालेली डीपी किती वेळात बदलायची याला राज्याच्या वीज नियामक आयोगाचे नियम आहेत, मुदत आहे, मुदत चुकली तर भरपाईचीही तरतूद आहे. ग्रामसभेत वही दाखवली. तारखेसह लिहिलेलं असलं, की समोरच्याला "असं काही नाही ताई" म्हणता येत नाही. डीपीवरचा भार जास्त आहे, आकडे टाकलेले आहेत, हेही ग्रामसभेत बोललो. ते बोलणं सोपं नव्हतं. आकडे टाकणाऱ्यांत आमच्याच भावकीतली माणसं होती. चार दिवस काही घरांतून आमच्याशी बोलणं बंद होतं. पण सहा आकडे निघाले, आणि त्यानंतर आजपर्यंत डीपी जळालेली नाही.

तिसरं, युनिट वाचवणं. गिरणीचा पट्टा सैल होता, तो घट्ट केला. दगडाला टाकी लावून घेतली. मोटार रिकामी फिरवत ठेवायची नाही, एकामागं एक दळण लावायचं. शेडमधले जुने बल्ब काढून एलईडी लावले. पहिल्याच महिन्यात चाळीस युनिट कमी आले. आजींनी लगेच विचारलं, "म्हणजे किती कोळसा?" अठ्ठावीस किलो, आजी. आणि दहा-अकरा घागरी पाणी.

चौथी गोष्ट सोलरची. याबद्दल आमच्याकडं खूप विचारणा होते, म्हणून नीट सांगतो. एक किलोवॉटचं सोलर दिवसाला साधारण चार युनिट देतं. आमच्या वीस युनिटांना पाच किलोवॉट लागेल. ते आम्ही अजून घेतलेलं नाही, त्यासाठी दर महिन्याला वेगळी बचत काढतोय. घरावर सोलर बसवायला केंद्राची सूर्यघर योजना २०२४ पासून आहे. एक किलोवॉटला तीस हजार, दोनला साठ हजार, तीन किंवा जास्तीला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान मिळतं. पण ही योजना घरांसाठी आहे, गिरणीच्या शेडसाठी नाही. दुसरी गोष्ट, तारेला जोडलेलं साधं सोलर लाईट गेली की तेही बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. लाईट गेल्यावरही चालायला हवं असेल तर बॅटरी लागते, आणि मग खर्च वाढतो. कुणी विकणारा "लाईट गेली तरी गिरणी चालेल" असं म्हणाला, तर हे जरूर विचारा.

मैत्रिणींनो, काही ठिकाणी जनरेटरला इलाज नसतो, हे आम्हालाही कळतं. दवाखाना आहे, दूध शीतकरण आहे, लग्नकार्य आहे. तेव्हा तीन गोष्टी घरातल्या माणसांना आजच सांगून ठेवा. एक, जनरेटर खोलीत, ओसरीत, बंद शेडमध्ये ठेवायचा नाही. दारं-खिडक्यांपासून कमीत कमी वीस फूट लांब, उघड्यावर, आणि धुराची नळी घराच्या उलट दिशेला. दोन, चालू असताना गरम इंजिनात डिझेल ओतायचं नाही. तीन, जनरेटरची वायर घराच्या बोर्डात नुसती खुपसायची नाही. चेंजओव्हर स्विच लावायचा. नाहीतर ती वीज उलटी तारेत जाते आणि खांबावर चढलेला कुणाचा तरी मुलगा त्यात जातो.

आता तुमच्या गटासाठी एक काम सांगतो. एक वही घ्या, दोरा बांधा आणि गिरणीला, शेवयाच्या मशीनला किंवा घरच्या मीटरशेजारी टांगा. एक महिना लिहा. लाईट कधी गेली, कधी आली, रोज किती युनिट झाले. महिन्यानं बैठकीत ती वही उघडा. कर्ज काढून काही विकत घ्यायचं असेल, तर त्या वहीला विचारून घ्या.

आमच्या आजी आता रोज गिरणी बंद करताना स्वतः मेन स्विच खाली करतात. आम्ही म्हणतो, "आजी, आम्ही करतो की." त्या म्हणतात, "राहू द्या. चूल विझवूनच निजायची सवय हाय मला."

पुढच्या वेळी भेटू गटाच्या हिशेबवहीविषयी बोलायला. तोवर सांभाळून राहा. नमस्कार.